खापरपणजोबांचा शोध

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मराठी माणसाला आपली वंशावळ दोन ठिकाणी लागते. एक लग्नाच्या बैठकीत आणि दुसरी तहसील कचेरीत. लग्नाच्या बैठकीत ती तोंडी चालते. तिथं थोडी वाढवून सांगितली तरी समोरचा मान डोलावतो, कारण त्यालाही आपली वाढवूनच सांगायची असते. कचेरीत तसं चालत नाही. तिथं प्रतिज्ञापत्र लागतं, नावापुढं नाव आणि प्रत्येक नावाला पुरावा लागतो. मग आपण मोजायला बसतो. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. त्याच्या वर घरोघर चालणारा शब्दच मराठीत नाही, आणि बहुतेकांची गाडी खापरपणजोबाच्या आधीच अडते.

२०२३ साली मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हापासून हा विषय चावडीवर आला. मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. पण जातीच्या दाखल्यासाठी जुनी नोंद शोधण्याचं काम त्याआधीपासून हजारो घरं करत आलेली आहेत. नियम असा, की अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा बापाच्या बाजूनं दाखवावा लागतो. त्यात कागद जितका जुना, तितकं त्याचं वजन जास्त.

आमच्या घरी ही वेळ पुतणीच्या वेळी आली. मी मुसलमान घरातला. राहायला वर्ध्याशेजारी बोरगाव (मेघे) इथं. आमच्या नावामागं शेख लागतं. माझी फुफी, म्हणजे आत्या, लहानपणापासून आम्हाला सांगत आली, की आपले पूर्वज अरबस्तानातून आले, एका सुफी बुजुर्गाबरोबर दख्खनमध्ये उतरले आणि इकडं स्थायिक झाले. घोडा होता, तलवार होती, हिरवा झेंडा होता. गोष्ट ती इतकी रंगवून सांगायची, की घोड्याचा रंगसुद्धा आम्हाला पाठ होता. पुतणीला अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी जातवैधता हवी होती. भावानं कागद काढले. हिंगणघाटकडच्या आमच्या मूळ गावच्या कोतवाल बुकात आजोबांच्या जन्माची १९१७ सालची नोंद सापडली. जातीच्या रकान्यात शब्द होता, पिंजारी.

पिंजारी म्हणजे कापूस पिंजणारा. सरकी काढलेला कापूस घ्यायचा, धनुष्यासारखं पिंजण छताला टांगायचं आणि तातीवर मुठीतल्या लाकडी दांड्यानं ठोके देत रुई मोकळी करायची. गाद्या भरायच्या, रजया भरायच्या. वर्धा-हिंगणघाट हा कापसाचाच मुलूख. इथं पिंजारी असणं यात नवल काही नाही. पण फुफीला ती नोंद फार लागली. ती म्हणाली, "कागज में लिखने वाला कौन था? कोतवाल! उसको क्या मालूम?"

प्रश्न चांगला आहे. वंशावळ शोधणाऱ्या प्रत्येकानं तो विचारायला हवा. लिहिणारा कोण होता, कशासाठी लिहीत होता, आणि खोटं लिहून त्याला काय मिळणार होतं? कोतवाल हा गावचा नोकर. कुणाकडं मूल झालं, कुणाकडं माणूस गेलं, हे त्याच्या बुकात चढवून वर कळवायचं, हे त्याचं काम. पिंजारी लिहून त्याला एक पैसा मिळणार नव्हता. आमचा पणजोबा ज्या दारात बसून कापूस पिंजत असे, त्याच दारावरून तो रोज जात होता. म्हणून असा निरिच्छ माणसानं लिहिलेला कागद मी घरच्या गोष्टीच्या वर ठेवतो. घरची गोष्ट सांगणाऱ्याला काहीतरी हवं असतं.

आता हे कागद मिळतात कुठं, ते सांगतो, कारण त्यात लोक फार फिरतात. सुरुवात नेहमी खालून करावी, स्वतःपासून वर. पहिली पायरी शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. आपल्या आजोबांनी दुसरीत शाळा सोडली असेल, तरी त्यात नाव, बापाचं नाव आणि बहुधा जात सापडते. त्याच्या वर जन्म-मृत्यूच्या नोंदी. आमच्याकडं त्यांना कोतवाल बुक म्हणतात, इतर भागांत गाव नमुना चौदा. इथं एक अडचण येते, ती आधीच माहीत असलेली बरी. जुन्या जन्मनोंदीत बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतंच. बारसं व्हायच्या आधी नोंद होत असे. बापाचं नाव, जात, तारीख आणि पुढं नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. म्हणजे आजोबा सापडतात ते बिननावाचे. मग भावंडांची वयं, शाळेतली जन्मतारीख, मृत्यूची नोंद हे सगळं शेजारी ठेवून ठरवावं लागतं, की हा 'मुलगा' म्हणजे आपलेच आजोबा.

त्याच्या वर जमिनीचे कागद. आमचा भाग जुन्या मध्य प्रांतातला. नागपूरकर भोसल्यांचं राज्य १८५४ साली इंग्रजांनी खालसा केलं, आणि पुढं मालगुजारीची पद्धत बसवून गावोगाव बंदोबस्त केला. त्या बंदोबस्ताच्या मिसली, खसरा, वाजिब-उल-अर्ज यांत शेत कोणाचं, कूळ कोण, गावचे रिवाज काय, हे लिहिलेलं असतं. आणि हेही लक्षात ठेवायचं, की १८६२ पूर्वी वर्धा नावाचा जिल्हाच नव्हता. हा सगळा मुलूख नागपूर जिल्ह्यात होता. त्या वर्षांआधीचं काही वर्ध्यात शोधत बसलं, तर माणूस रिकाम्या हातानं परततो.

गावाचं नावही फसवतं. बोरगाव नावाची गावं महाराष्ट्रात किती असतील, मोजदाद नाही. वर्ध्याभोवती बोरगाव, सावंगी, सिंदी, पिपरी या गावांच्या मागं 'मेघे' लागतं, ते ओळखू यावीत म्हणून. त्याच जिल्ह्यात सिंदी (रेल्वे) वेगळी आहे. अकोल्याकडं बोरगाव (मंजू) आहे. जुन्या कागदावर मात्र कारकून नुसतं 'मौजे बोरगाव' लिहून मोकळा होतो. परगणा किंवा तहसील पाहिल्याशिवाय असल्या कागदावर विश्वास ठेवू नये. बुद्रुक आणि खुर्द यांचंही तेच. बुद्रुक हा फारसी बुजुर्गचा मराठी अवतार, म्हणजे थोरलं गाव. खुर्द म्हणजे धाकटं. एकाची वंशावळ दुसऱ्याला चिकटल्याची प्रकरणं कमी नाहीत.

इथवर म्हणजे साधारण दीडशे वर्षं. त्याच्या वर काय? वर कागद आहेत, पण सगळ्यांसाठी नाहीत. ज्याच्याकडं वतन होतं, इनाम होतं, त्याच्यासाठी आहेत. पाटीलकी, देशमुखी, कुलकर्ण यांवरून भाऊबंदांत तंटे होत, मग गोतसभा बसे, साक्षी होत आणि महजर लिहिला जाई. वादी आपली हकिगत देई, तिला करीना म्हणत. माझ्या आजाच्या आजानं अमुक पादशहाकडून वतन मिळवलं, त्याचा लेक अमुक, त्याचा लेक अमुक. जेध्यांचा करीना इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. १८५२ च्या कायद्यानं इंग्रजांनी मुंबई इलाख्यात इनामांची चौकशी सुरू केली, तेव्हा ज्याच्या घरात इनाम होतं तो प्रत्येकजण माळ्यावरच्या पेट्या उघडून पूर्वज शोधू लागला. दख्खनमधल्या अनेक घराण्यांच्या नीटनेटक्या वंशावळी त्या भीतीतून तयार झाल्या. जमीन जाईल या भीतीनं माणसाला जेवढे पूर्वज आठवतात, तेवढे श्रद्धेनं आठवत नाहीत.

आणि या कागदांत मुसलमान नाहीत असं कुणी समजू नये. गावच्या बलुतेदारांच्या अनेक याद्यांत मुलाणी आहे. काजी आहे, त्याच्या इनामाच्या सनदा आहेत. देशमुख, पाटील, इनामदार ही आडनावं दोन्ही धर्मांत सापडतात, कारण ती आडनावं हुद्द्यांची आहेत. रक्ताचा पुरावा म्हणून त्यांना पुढं करता येत नाही.

ज्यांच्याकडं वतन नव्हतं, त्यांच्यासाठी दोन दारं थोडी किलकिली आहेत. एक तीर्थक्षेत्रातल्या उपाध्यांच्या वह्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर, गया, काशी, हरिद्वार. घरातलं कुणी श्राद्धाला किंवा यात्रेला गेलं, की उपाध्या त्याच्याकडून गाव, आडनाव, भावाभावांची नावं उतरवून घेतो. पुढं नातू गेला, की त्याच पानावर त्याची भर पडते. दुसरं दार हेळव्यांचं. कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागांत कर्नाटकातून बैल घेऊन हेळवी येतात, ठरलेल्या घरांसमोर त्यांची वंशावळ म्हणतात आणि धान्य घेऊन जातात. आमच्या विदर्भात मी ते पाहिलेले नाहीत. पण या दोन्ही दारांतसुद्धा यात्रेला जाण्याइतकं किंवा सुपानं धान्य देण्याइतकं घरात असावं लागत होतं. शेतमजुराचा खापरपणजोबा कुणाच्याच वहीत नाही.

हे आपल्याकडंच घडलं असं नाही. इंग्लंडात वंशवृक्ष काढण्याचा छंद फार जुना आहे, आणि तिथल्या घरंदाज माणसाची मोठी हौस ही, की आपण नॉर्मन आहोत. १०६६ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावरचा नॉर्मंडीचा सरदार विल्यम समुद्र ओलांडून आला, हेस्टिंग्जची लढाई जिंकला आणि इंग्लंडचा राजा झाला. जमिनी त्यानं आपल्या सरदारांना वाटल्या. वीस वर्षांनी, १०८६ साली, कुठली जमीन कुणाकडं आणि तिच्यावर कर किती, याची गावोगाव पाहणी केली. ती डूम्सडे बुक म्हणून प्रसिद्ध आहे. तेव्हापासून नॉर्मन म्हणजे जेत्याच्या वंशातला, आणि ज्याच्याकडं पैसा आला त्याला जेत्याच्या वंशातलं व्हायचं असे. विल्यमच्या साथीदारांची एक यादी लढाईच्या जागी बांधलेल्या मठात होती म्हणतात. मूळ यादी हरवली. नंतरच्या नकला आहेत, आणि त्यांत मागाहून नावं घुसवलेली आहेत. समकालीन पुराव्यावर खात्रीनं सांगता येतील असे विल्यमचे साथीदार पंधरा-वीसच निघतात. त्यांच्या वंशजांचा दावा करणारे मात्र कित्येक. होरेस राउंड नावाच्या संशोधकानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला अशा अनेक थोर घराण्यांच्या वंशावळी कागदाला कागद लावून मोडीत काढल्या. त्याचे मित्र फारसे उरले नसावेत.

सामान्य इंग्रजाची गाडी कुठं अडते, तेही ऐकण्यासारखं आहे. १५३८ साली राजाज्ञा झाली, की प्रत्येक चर्चनं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी. शेतकऱ्याचा, लोहाराचा माग तिथपर्यंत लागला तर लागतो. त्याच्या वर जायचं तर जमीनदाराच्या कचेरीतले कागद, म्हणजे पुन्हा जमीन, कर आणि वारसा. १५३८ पासून १०६६ पर्यंतची पावणेपाचशे वर्षं बहुतेक घरांना ओलांडता येत नाहीत. मग आडनावाची शिडी लावतात. पर्सी, नेव्हिल, माँटगोमेरी ही मुळात नॉर्मंडीतल्या गावांवरून आलेली नावं. आमचा 'कर' जसा गावाच्या मागं लागतो, तसा त्यांचा 'द' पुढं लागे. पण आडनावावरून गाव कळतं, माणूस कळत नाही. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंची आडनावं पहा. पेणकर, किहीमकर, रोहेकर. पेणकर म्हणजे पूर्वज पेणेला राहत होते, एवढंच खरं. ते हिंदू होते की ज्यू, ब्राह्मण होते की तेली, हे त्या 'कर'मध्ये लिहिलेलं नाही.

आमच्या लोकांचं नॉर्मंडी म्हणजे अरबस्तान. उत्तरेत एक जुनी थट्टा आहे: परवा मी विणकर होतो, यंदा शेख झालो, पुढच्या साली धान्याला भाव आला तर सय्यद होईन. ही थट्टा मुसलमानांनीच मुसलमानांची केलेली आहे, म्हणून मला ती आवडते. असल्या दाव्यांची परीक्षा कशी घ्यायची, हेही एका मुसलमानानंच सांगून ठेवलंय. इब्न खल्दून, जन्म १३३२, ट्यूनिसचा. त्याचा हिशेब असा, की शंभर वर्षांत साधारण तीन पिढ्या होतात. वंशावळीतली नावं मोजा, वर्षं मोजा, दोन्ही जुळतात का पहा. हजरत अबू बकर यांचं निधन ६३४ सालचं. त्यांचा वंशज म्हणवणाऱ्या घरात आज त्यांच्यापर्यंत चाळीसच्या वर नावं हवीत. शजऱ्यात जर बारा नावं असतील आणि बाराव्याच्या वर थेट मदिना असेल, तर मधल्या तीस माणसांना कुणीतरी गिळलेलं आहे. हीच फूटपट्टी राजपुतान्यातून आलो म्हणणाऱ्या कुठल्याही घराण्याला लावता येते.

मोठ्या घराण्यांचे वाद तर इतिहासकारांकडं आहेतच. भोसल्यांचं मूळ मेवाडच्या सिसोदियांत आहे, हे १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी पुढं आलं. त्यावर पुढच्या इतिहासकारांत दोन तट पडले. २००१ साली रा. चिं. ढेरे यांनी शिखर शिंगणापूरवरच्या ग्रंथात ते मूळ दक्षिणेत, होयसळांकडं दाखवलं. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजींनी १८०३ साली आपल्या वंशाचं चरित्र मराठीत बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर कोरून घेतलं. कागदाला वाळवी लागते, दगडाला लागत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. शिवाजी महाराजांचं थोरपण यातल्या कुठल्याही उत्तरावर अवलंबून नाही, म्हणून मला तो वाद शांतपणे वाचता येतो. ज्याच्याकडं दाखवायला फक्त वंशच आहे, त्याला असा वाद झेपत नाही.

अंकगणित तर याहून निष्ठुर आहे. आईबाप दोन, आजी-आजोबा चार, मग आठ, सोळा. दहा पिढ्या मागं एक हजार चोवीस जागा. विल्यमपासून आजवर शंभराला तीन याप्रमाणं एकोणतीस पिढ्या धरल्या, तर त्या पिढीत एका माणसाच्या पूर्वजांच्या जागा त्रेपन्न कोटींहून जास्त होतात. तेव्हा इंग्लंडची सगळी लोकसंख्या पंधरा-वीस लाखांच्या आसपास. म्हणजे तीच माणसं पुन्हा पुन्हा येतात, सरदारही येतो आणि त्याच्या घोड्याचा मोतद्दारही. आजच्या बहुतेक इंग्रजांच्या अंगात नॉर्मन रक्त असणारच. पण कागदानं ते दाखवता येणारे थोडे. आपल्याकडं जातीतच लग्नं होत आली, त्यामुळं तीच नावं आणखी लवकर फिरून येतात. फुफीच्या गोष्टीतला तो अरब आमच्या त्या अफाट झाडावर कुठंतरी बसलेला असू शकतो, मी नाकारत नाही. पण तो एकटा आमचा पूर्वज, आणि बाकी सगळे कुणीच नाहीत, हे मला पटत नाही.

फुफीला मी दुसरी एक गोष्ट सांगितली. पिंजाऱ्यांना मन्सुरीही म्हणतात. जमातीतले लोक हे नाव मन्सूर अल-हल्लाज यांच्यावरून आलं असं सांगतात. तोच सुफी, 'अनल हक' म्हणाला म्हणून ज्याला ९२२ साली बगदादमध्ये ठार केलं. हल्लाज या अरबी शब्दाचा अर्थच कापूस पिंजणारा. रक्ताचं नातं इथं कुणी सांगत नाही. नातं तातीचं आहे, धंद्याचं आहे. हजार वर्षांपूर्वीचा एक पूर्वज कामावरून निवडायचा, ही रीत मला सिसोदिया आणि नॉर्मन दोघांपेक्षा प्रामाणिक वाटते. फुफीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मतलब अरब तो हुआ ना!" मन्सूर मुळात इराणातला होता, हे मी तिला सांगितलं नाही.

पुतणीला वैधता मिळाली. मध्ये एकच खोळंबा झाला. एका कागदावर पिंजारी, एकावर बहना, एकावर धुनिया. तिन्ही एकाच धंद्याची नावं. मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली ग्रंथ काढला, त्यात ती एकाच मथळ्याखाली आहेत. कारकुनाला जे नाव तोंडी आलं, ते त्यानं लिहिलं. ज्यांचे कागद असे वेगवेगळे बोलतात, त्यांनी घाबरू नये. हे शब्द एकच आहेत, हे दाखवणारी जुनी पुस्तकं आहेत.

या सगळ्या खटाटोपात आम्ही जे झाड काढलं, त्यावर सहा पिढ्या आल्या आणि एकही बाई आली नाही. फुफीसुद्धा नाही. अर्ज वंशावळ मागतो ती बापाकडून, म्हणून तिच्या जागी कोरी रेघ. गंमत अशी, की मूळ गाव कुठलं, आजोबा कुठल्या साली शाळेत गेले, पणजोबा कुठल्या साथीत गेले, हे सगळं कचेरीत जाण्याआधी आम्हाला तिनंच सांगितलं होतं. घोडा आणि तलवार सोडली, तर तिची एकही गोष्ट कागदानं खोडून काढली नाही. पणजीचं माहेर आर्वीकडचं, एवढं तिला ठाऊक आहे; नाव तिलाही आठवत नाही. बायकांच्या नावांसाठी निकाहच्या नोंदी आणि जमिनीच्या वारसनोंदी चाळाव्यात, तिथं विधवा आणि मुली कधी कधी सापडतात. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना त्यांच्या आईचं आणि आजीचं नाव, माहेरचं गाव विचारून वहीत उतरवून ठेवावं. ते दुसरीकडं कुठंच लिहिलेलं नाही.

२०२४ साली महाराष्ट्र सरकारनं ठरवलं, की १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलाच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचं. आमच्या घरात तेव्हापासून एक बाळ जन्मलं. त्याच्या दाखल्यावर तीन नावं ओळीत आहेत, आणि मधलं नाव त्याच्या आईचं आहे.